२२ लाखांच्या घरातून फी-सवलतीचा अर्ज

आमच्या दोघांचे पगार मिळून वर्षाला २२ लाखांच्या आसपास जातात. नवरा सातपूरच्या एका कंपनीत प्रॉडक्शनला, मी अंबडला एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये. पाथर्डी फाट्याला स्वतःचा फ्लॅट आहे, खाली एक गाडी उभी असते. नाशकात एवढ्यावर माणूस सुखात राहतो आणि आम्हीही राहतो. तरी २०२४ च्या फेब्रुवारीत मी मुलीच्या शाळेकडे फी-सवलत मागितली. ते कळल्यावर निम्म्या नातेवाइकांनी भुवया उंचावल्या. उरलेल्यांनी हळूच विचारलं, "फॉर्म कुठे मिळतो गं?" हे लिहायला बसले ते त्या दुसऱ्या गटासाठी.

मुलीला अकरावी-बारावीसाठी पुणे जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत जायचं होतं. राहणं-जेवण धरून वर्षाची फी ९ लाख. आकडा ऐकून नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला आणि "दोन वर्षांचे अठरा" एवढंच म्हणाला. आम्ही तिला परीक्षेला बसू दिलं, कारण तिथली पद्धत आधी निवड आणि मग पैशांचा विचार अशी होती. मुळशीकडच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजचंही तत्त्व असंच आहे: निवड गुणवत्तेवर, मदत गरजेवर. आपल्याकडे सवलत म्हटलं की लोकांना फक्त स्कॉलरशिप आठवते, म्हणजे पहिला नंबर आला की बक्षीस. ही सवलत तशी नसते. मुलगी कितीही हुशार असली तरी घराला परवडत असेल तर एक रुपया मिळत नाही, आणि तेच बरोबर आहे.

नाशकातल्या आमच्या ओळखीच्या शाळांत असला प्रकार फारसा नाही. भावंडाला थोडी सूट आणि फी हप्त्यांनी, एवढंच. धाकट्याच्या शाळेत आम्हाला हप्तेच मिळाले आहेत.

जानेवारीत निवडीचं पत्र आलं आणि घरात खरा वाद सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, "आपण काय हात पसरणारी माणसं आहोत का?" त्यावर नवरा शांतपणे म्हणाला, "आई, कर्जमाफीच्या यादीत दादाचं नाव आलं तेव्हा पेढे कोणी वाटले होते?" माझा दीर निफाड तालुक्यात शेती बघतो, सोसायटीचं कर्ज त्याच्या नावावर होतं. सासूबाई हसल्या, पण पटलं नव्हतं. पटलं मलाही नव्हतं.

याच शहरात मी वेगळी गंमतही पाहिली आहे. शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत राखलेल्या २५ टक्के जागांसाठी खुल्या गटातल्या मुलाच्या घरचं उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत असावं लागतं. आमच्याच भागात, दारात चारचाकी असताना, ९० हजारांचा दाखला काढून मूल पहिलीत घातलेली माणसं आहेत. त्यांना कोणी नावं ठेवत नाही, उलट "हुशार आहेत" म्हणतात. मी मात्र २२ लाखांचा आकडा जसाच्या तसा लिहून, आयकर विवरणपत्रं जोडून, काही रक्कम कमी करा म्हणणार होते, तर मला लाज वाटावी! पहिली सरळ चोरी आहे, मोलकरणीच्या नाहीतर वॉचमनच्या मुलाची जागा जाते. दुसऱ्यात लपवलेलं काहीच नसतं. समोरच्याने नाही म्हटलं की विषय संपला.

सरकारी योजनांत आम्ही कुठेच बसत नाही, बसूही नये. आर्थिक दुर्बल घटकाची (ईडब्ल्यूएस) मर्यादा ८ लाख, पुढे व्यावसायिक शिक्षणात शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीचीही ८ लाख. पांढरं रेशनकार्ड तर १ लाखाच्या वर गेलं की मिळतं, म्हणजे सव्वा लाखवाला आणि आम्ही एकाच रंगात. शाळेच्या मदतनिधीला अशी एक रेघ नसते. तिथे उत्पन्नाइतकाच खर्चही पाहतात.

न्यू जर्सीला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीशी बोलले तेव्हा धीर आला. तिकडच्या खासगी शाळांत चांगल्या कमाईची कुटुंबंही अर्ज करतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. माहिती बहुतेक वेळा एका तिसऱ्या संस्थेच्या फॉर्ममध्ये भरायची असते: पगार, घर, कर्ज, बचत, आणि घरातली किती मुलं एकाच वेळी फीच्या शाळांत आहेत तेही. ती संस्था कुटुंब किती भरू शकेल याचा अंदाज काढते, शेवटचा निर्णय शाळेचा. बहीण म्हणाली, "तू ठरवू नकोस ना तू गरजू आहेस की नाही. ते त्यांचं काम आहे. तू कागद दे."

तरी एक प्रश्न मला खात होता. हा पैसा येतो कुठून? शाळा ट्रस्टची असते. मदतनिधीत माजी विद्यार्थ्यांच्या आणि कंपन्यांच्या देणग्या येतात, त्यावर देणाऱ्याला करसवलत मिळू शकते, आणि काही भाग इतर पालकांच्या फीतून जातो. निधी आटोपशीर असतो. म्हणजे मला मिळालेले दोन लाख दुसऱ्या कोणाला मिळणार नाहीत. त्र्यंबक किंवा सुरगाण्याकडच्या एखाद्या मुलीची संधी मी खात असेन तर?

शेवटी मी शाळेच्या कार्यालयात फोन करून हेच विचारलं. फोनवरच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी सांगितलं की पूर्ण मदत लागणाऱ्या मुलांचे पैसे आधी बाजूला काढतात आणि अंशतः सवलत उरलेल्या रकमेतून देतात. मग मी फॉर्म उघडला. माझं मत असं झालं आहे की चांगल्या कमाईच्या घराने अर्ज करण्याआधी हा एक फोन करावाच. उत्तर "सगळं एकाच गल्ल्यातून, आधी येईल त्याला" असं आलं असतं तर मी बहुधा अर्ज केला नसता.

कागदपत्रांचं मला कौतुक नाही, रोजचंच काम आहे. दोन वर्षांची विवरणपत्रं, फॉर्म १६, सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट, गृहकर्जाचं स्टेटमेंट, घरपट्टीची पावती, वीजबिल, दवाखान्याची बिलं. मी सोबत आयकर पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरणही जोडलं, कारण त्यात एफडीचं व्याज आणि म्युच्युअल फंड आपोआप दिसतात. आपणहून दिलं की पुढचे बरेच प्रश्न येत नाहीत. वेळ खाल्ला तो सातबाऱ्याने. गावची जमीन नवरा आणि दीर यांच्या सामाईक नावावर आहे. कसतो दीर, आम्हाला वर्षाचे गहू आणि कांदे घरी येतात, बाकी हिस्सा आम्ही घेत नाही. फॉर्ममध्ये मात्र "शेती: किती, उत्पन्न किती" असा रकाना होता. नवरा म्हणाला, लिहू नको, आपल्याला मिळतं कुठे? मी लिहिलं. नाव सातबाऱ्यावर आहे ना.

सगळ्यात कठीण रकाना शेवटचा होता: "आपण स्वतः वर्षाला किती रक्कम भरू शकता?" लोक इथे शून्य लिहितात किंवा रिकामा सोडतात. तिथेच अर्ज पडतो असं मला वाटतं. आम्ही रविवारची अख्खी दुपार वही घेऊन बसलो. हातात महिन्याला १ लाख ४३ हजार येतात. गृहकर्जाचा हप्ता ३८ हजार. सासऱ्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि औषधं मिळून २४. किराणा, वीज, पेट्रोल, सगळं घर २८. गाडीचा हप्ता ११, धाकट्याची शाळा ९, एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक ६, विमा ४. उरतात २३ हजार, म्हणजे वर्षाचे पावणेतीन लाख. नवऱ्याचा बोनस साधारण ९० हजार. आणि मोडता येईल अशी ३ लाखांची एक एफडी, दोन वर्षांत वाटली तर दरवर्षी दीड. बेरीज ५ लाखांच्या थोडी वर गेली.

आम्ही लिहिलं: आम्ही ५ लाख भरू, ४ लाखांची सवलत हवी. सोबत एक पानी पत्र. त्यात मुलीचं कौतुक एका ओळीत, बाकी सगळा वरचा हिशेब. नवऱ्याने मसुद्यात "अत्यंत हलाखीची परिस्थिती" असं काहीतरी घातलं होतं, ते मी खोडलं. आमची परिस्थिती हलाखीची नाही. आमच्याकडे ९ लाख नाहीत, एवढंच.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. समितीतले दोघे जण होते. विचारणा सभ्य होती पण बारीक होती. गाडी कधी घेतली? मागच्या दोन वर्षांत कुठे फिरायला गेलात? (दापोली, नणंदेच्या घरी.) डायलिसिस सरकारी योजनेत का नाही? मग समितीतल्या बाईंनी विचारलं, "एसआयपी थांबवली तर चालेल का?" मी त्या प्रश्नाला तयार नव्हते. मी म्हटलं, पीएफ सोडून आमच्या म्हातारपणासाठी तेवढंच आहे. त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं.

निर्णय मार्चमध्ये आला: फीच्या २५ टक्के, म्हणजे सव्वादोन लाख. पत्रात कारणंही होती. एसआयपी त्यांनी भरण्याजोग्या रकमेत धरली होती आणि शेतीचा निम्मा हिस्साही आमच्या उत्पन्नात मिळवला होता. एसआयपीचं मला पटलं. दुसऱ्याच्या देणगीवर मुलगी शिकणार आणि मी म्युच्युअल फंड वाढवत बसणार, हे सांगायलाही बरं वाटत नाही. ओळखीच्या एका गृहस्थांचे दोन फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत, त्यांनी माझ्याकडे फॉर्म मागितला तेव्हा मी तोंडावर सांगितलं की तुम्ही भरू नका. अजून नीट बोलत नाहीत.

शेतीचं मात्र मला पटलं नाही. त्यांनी आदल्या वर्षांच्या कांद्याच्या अंदाजाने हिशेब केला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, भाव कोसळले, चांदवडला शेतकरी महामार्गावर उतरले. निफाडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पुण्याच्या समितीला सांगावं लागतं. दिराकडून त्या हंगामाच्या लासलगाव बाजारातल्या कांदाविक्रीच्या पट्ट्या (पावत्या) मागवल्या, हमाली-तोलाई वजा जाऊन हातात आलेली रक्कम अधोरेखित केली, बियाणं, खत आणि मजुरीचा खर्च लिहिला, आणि फेरविचाराची विनंती पाठवली. तक्रारीचा सूर ठेवला नाही. "आपल्याकडे नसलेली माहिती सोबत जोडत आहे", एवढंच. दिराला मजा वाटली. म्हणाला, "वहिनी, कांदा पडला त्याचा कोणाला तरी उपयोग होतोय."

एप्रिलमध्ये सवलत २५ वरून ३० टक्क्यांवर गेली, म्हणजे २ लाख ७० हजार. मागितल्यापेक्षा १ लाख ३० हजार कमीच. एसआयपी थांबवली, त्याचे ७२ हजार. उरलेल्यासाठी मी इंदिरानगरच्या दोन दुकानांचं जीएसटीचं काम संध्याकाळी घेते. फी चार हप्त्यांत मागितली, ती मिळाली, त्यासाठी वेगळा अर्जसुद्धा लागला नाही.

करात काही वाचेल या आशेवर मात्र कोणी राहू नये. जुन्या करप्रणालीत वजावटीला फक्त शिकवणी फी धरतात, वसतिगृह आणि जेवण नाही, आणि दीड लाखाची मर्यादा आमच्या पीएफ आणि गृहकर्जाच्या मुद्दलानेच भरलेली होती.

मुलीला सगळे आकडे आम्ही सांगितले. शाळेने नाव गुप्त ठेवलं होतं, पण तिने पहिल्याच महिन्यात खोलीतल्या मैत्रिणींना सांगून टाकलं. त्यातल्या एकीला पूर्ण मदत होती, एकीला माझ्या मुलीपेक्षा जास्त, आणि तिच्या वडिलांचा पगार आमच्या दोघांपेक्षा मोठा होता. घरात तीन मुलं आणि एका मुलाचे उपचार चालू. सासूबाईंना हे फोनवर कळल्यावर त्यांचा विरोध जरा सैल झाला.

सवलत दरवर्षी नव्याने ठरते. दुसऱ्या वर्षी फॉर्म भरला तोवर माझा पगार वाढला होता आणि गाडीचं कर्ज संपत आलं होतं. दोन्ही लिहिलं, मागणी अडीच लाखांवर आणली. मिळाले १ लाख ८० हजार. या वेळी फेरविचार मागितला नाही.