सवाईचा शनिवार-रविवार: काय भावलं, काय खुपलं

सवाई संपला पण आमच्या ग्रुपवर तो काही संपायचं नाव घेत नाहीये. रविवारी रात्री घरी पोचल्यापोचल्या तबलजीने मेसेज टाकला की प्रत्येकाने एक भावलेली आणि एक खुपलेली गोष्ट सांगा, आणि मग जे काही सुरू झालंय ना, व्हॉइस नोट काय, वाद काय, रात्री उशिरापर्यंत नुसता टिंगटिंगाट. म्हटलं हे एका जागी लिहूनच काढावं, कारण आम्ही चौघं एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलो होतो तरी प्रत्येकाने वेगळंच काहीतरी ऐकलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. पुण्यातला हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केला, रामभाऊ त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. २०११ मध्ये भीमसेनजी गेले आणि मग नावात त्यांचंही नाव आलं, सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, पण बोलताना सगळे नुसतं सवाईच म्हणतात. डिसेंबरात बुधवार ते रविवार असतो. आमच्यासारख्या नोकरदारांना बुधवार-गुरुवारी दुपारी कोण सोडतंय, त्यामुळे आपला सवाई म्हणजे शनिवार आणि रविवार.

आता मंडळी कोण ते सांगते. तबलजी म्हणजे आमचा कॉलेजपासूनचा मित्र, अजूनही नेमाने क्लासला जातो. डॉक्टर माझी शाळेतली मैत्रीण, गाणं शिकलेली नाही पण कान चांगला आहे. आणि नागपूरकर, माझ्या ऑफिसमधला, यंदा पहिल्यांदाच आला, तोपर्यंत त्याने शास्त्रीय संगीत समोर बसून असं कधी ऐकलंच नव्हतं.

माझी भावलेली गोष्ट आधी. शनिवारची संध्याकाळ, सहा वाजून गेलेले, मांडवाच्या कडेने बाहेरचा उजेड नुकताच विझत होता आणि एक तरुण गायिका येऊन बसली. तानपुरे जुळवायलाच तिने बराच वेळ घेतला. मागे बसलेली मुलगी तारेखालचा तो सुती दोरा घोडीवर नखाने केसभर पुढे, केसभर मागे सरकवत होती, मग खालचा मणी हलवायची, परत कान लावायची, परत दोरा, आणि एका क्षणी ती तार एकदम बोलायला लागली, मघाशी नुसती वाजत होती ती आता घुमायला लागली. तबलजी कानाशी येऊन म्हणाला, पहिली तार ऐक, पंचमाला नाहीये, निषादाला लावलीये, मारवा येतोय बघ. आणि खरंच मारवा राग! मारव्यात पंचम, म्हणजे प, नसतोच ना, म्हणून ती तार निषादाला, म्हणजे नी ला. हे मला इतकी वर्षं ऐकूनही कधी लक्षात आलं नव्हतं, कारण जुळवाजुळव चालू असताना आपण सगळे गप्पा मारत असतो किंवा चहाला गेलेलो असतो.

आणि काय गायली ती! कोमल रिषभ, धैवत, तीव्र मध्यम, परत रिषभ, या सगळ्यांत फिरतेय फिरतेय पण षड्जावर, म्हणजे सा वर, काही येईना. येते असं वाटायचं आणि खालच्या निषादावरून सरळ रिषभाला जायची. मारव्यात हे असंच असतं, षड्ज अगदी जपून द्यायचा असतो, हे मला माहीत आहे, पण माहीत असणं वेगळं आणि बाहेर सूर्य बुडत असताना हजारो माणसांत बसून त्या सा ची वाट बघणं वेगळं. शेवटी जेव्हा तिने तो लावला तेव्हा आजूबाजूला किती जणांनी एकदम ‘आहाहा’ केलं, माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.

आणि इथेच पहिला वाद. डॉक्टरची खुपलेली गोष्ट नेमकी हीच! ती म्हणे मला त्या तासाभरात इतकं अस्वस्थ झालं की उठून जावंसं वाटत होतं, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं, बाई सुरेल होती सगळं होतं पण मला नको झालं होतं. तबलजी तिला म्हणाला अगं मग तुला मारवा आमच्यापेक्षा जास्त कळला की, त्याचं कामच ते आहे. तिला ते पटलं नाही. ती म्हणाली संगीताने मला त्रास का द्यावा, दिवसभर मी त्रासच बघते. यावर मी खूप विचार केला आणि मला वाटतं तिचंही खरं आहे, सगळ्यांनी सगळ्या रागांना माना डोलवायच्या असं काही नाही. पण गंमत म्हणजे बुधवारी तिचा मेसेज आला की गाडीत मारवा लावलाय, अजून आवडत नाहीये, पण बंद पण करवत नाहीये.

तिला भावलं ते रविवारचं. रविवारी दुपारी बारालाच सुरू होतं, वर ऊन, मांडवात उकडतंय, माणसं डबे खाऊन जरा सैलावलेली, आणि बासरीवर शुद्ध सारंग. दोन्ही मध्यम लागतात त्यात, तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमावर जी उतरण आहे तिथे डॉक्टर प्रत्येक वेळी माझा हात दाबत होती. तिच्या शब्दांत, ‘आठवड्याचा सगळा शीण तिथे गळून पडला गं.’ मला विचाराल तर दुपारचे राग आपल्याला मैफलीत फारसे मिळतच नाहीत, कारण मैफल म्हटलं की संध्याकाळ, मग यमन, पूरिया धनाश्री, बागेश्री, हे कानावर येतच राहतात, सारंग आणि भीमपलास, मुलतानी मात्र दुपारी बसायची सवड असेल तरच. त्यासाठी रविवारची ती बाराची वेळ मला फार मोलाची वाटते.

तबलजीची भावलेली गोष्ट ऐकून नागपूरकर चक्रावलाच. तबलजी म्हणतो की शनिवारी शेवटच्या गायकाला जो साथीला होता त्याने विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालाचा ठेका जवळजवळ अर्धा तास नुसता ठेका म्हणून वाजवला, हात दाखवायचा मोह एकदाही झाला नाही, प्रत्येक मात्रेत तेवढंच अंतर, आणि गायक कुठूनही फिरून आला तरी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तिथे त्याची वाट बघत उभी. नागपूरकर म्हणाला भाऊ, मला तर वाटलं तो कंटाळला आहे. मग तबलजीने त्याला सोमवारी रात्री फोनवर बाराच्या बारा मात्रा तोंडाने म्हणून दाखवल्या, धिं धिं धागे तिरकिट करत, आणि त्या कशा ताणायच्या तेही, ही शिकवणी म्हणे मध्यरात्रीपर्यंत चालली होती.

खुपलेलं म्हणाल तर तबलजीचं ठरलेलं आहे, साउंड. डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, माइक इतका चढवलेला की घुमारा पोटात लागत होता आणि तानपुरा कुठे गेला ते कळेना. त्यात डिसेंबरची रात्र, हवा गार आणि दमट झाली की तबल्याच्या पुडीचा, म्हणजे वरच्या कातड्याचा, सूर उतरतो, स्टेजवरच्या दिव्यांनी तापली की चढतो, बिचारा वादक दर थोड्या वेळाने हातोडी घेऊन गट्टे ठोकतोय आणि तो ठोक स्पीकरमधून गोळी झाडल्यासारखा येतोय. याबाबतीत मी शंभर टक्के तबलजीच्या बाजूने. तानपुरा ऐकू आला नाही तर मग उरलं काय? एवढ्या मोठ्या मांडवात शेवटच्या माणसापर्यंत आवाज न्यायचा हे अवघड काम आहे, मान्य, पण मोठा आवाज आणि नीट आवाज यातला फरक कळणारं कोणीतरी त्या बटणांपाशी हवं.

नागपूरकराला खुपलं ते आपल्या सगळ्यांना लागू आहे. ‘एवढं मोठं नाव ऐकून आलो आणि लोक आलापात उठून वडा घ्यायला जातात?’ पायावर पाय देत, फोनच्या बॅटऱ्या मारत. आणि सतरंज्या! सकाळी येऊन चार-सहा जणांची सतरंजी पसरून ठेवायची, तिच्यावर चार पिशव्या ठेवायच्या आणि माणसं उगवणार रात्री आठला, तोवर तिथे कोणाला टेकू द्यायचं नाही. भारतीय बैठकीचं तिकीट सगळ्यांनी सारखंच काढलेलं असतं हो. मला याची खरंच चीड येते, वर्षानुवर्षं बघतेय मी हे.

पण त्याला भावलं तेही याच बैठकीत. आम्हाला जागा मिळेना तेव्हा एका आजोबांनी आपली सतरंजी सरकवून, ‘या, बसा, मी एकटाच आहे,’ म्हणत आम्हा चौघांना बसवून घेतलं. ऐंशीच्या घरातले असतील. मांडीवर एक जुनी वही, त्यात प्रत्येक कलाकाराचं नाव, राग, बंदिशीचा मुखडा, साथीला कोण, बारीक सुवाच्य अक्षरात. नागपूरकर त्यांच्याशेजारी बसला आणि दोन्ही दिवस त्यांनी त्याला हळू आवाजात एकेक सांगितलं, हा राग कुठला, आता द्रुत, म्हणजे जलद लयीतलं, सुरू झालं, आता तराणा येईल बघ. रविवारी तर तो आम्हाला सोडून आधी आजोबांची जागा शोधत गेला आणि त्यांच्यासाठी चहा घेऊन आला.

आजोबांनीच रमणबागेतल्या रात्रींचं सांगितलं. आता महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो, २०१८ पासून, त्याआधी कितीतरी वर्षं तो रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा, आणि जुन्या काळी तीन रात्री, रात्रभर. लोक शाली, गोधड्या, थर्मास घेऊन यायचे, ज्यांना आत जागा नसायची ते बाहेर रस्त्यावर बसून ऐकायचे. पहाटे ललत, भटियार, मग उजाडल्यावर तोडी, आणि शेवटच्या सकाळी भीमसेनजी स्वतः. आजोबा म्हणाले, ‘तोडी ऐकता ऐकता ऊन अंगावर यायचं.’ एवढंच म्हणाले आणि परत वही लिहायला लागले.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद झाला, वर्षातले काही मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्यातला एक सवाईच्या शनिवारला मिळतो. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, शेजारी राहणारी माणसं, आजारी माणसं, लहान मुलं आहेत, डॉक्टर तर यावर फारच कडक आहे. पण त्या नियमाने आपल्याकडून काय गेलं ते म्हणायला तर हरकत नाही ना? पहाटेचे राग गेले. ललत, रामकली, तोडी, देसकार, हे सगळं आता रेकॉर्डिंगवर. माझी खुपलेली गोष्ट हीच आहे. आणि दुसरं म्हणजे घड्याळ. रविवारी शेवटच्या कलाकारांचा विलंबित ख्याल आत्ता कुठे खुलायला लागला होता, आणि घड्याळाकडे बघत बघत त्यांना द्रुत धरावं लागलं. त्यांनी ते फार छान सांभाळलं, पण अजून वीस मिनिटं मिळाली असती तर तो राग कुठे गेला असता!

महोत्सवाची सांगता नेहमीप्रमाणे सवाई गंधर्वांच्या आवाजातल्या भैरवीच्या ध्वनिमुद्रिकेने झाली. जुनी तबकडी, जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, खरखर आहे, पण तो आवाज! आमच्या आजूबाजूचं कोणी हललं नाही. डॉक्टर तेव्हा नव्हती. नऊच्या सुमाराला तिला हॉस्पिटलमधून फोन आला आणि ती चपला हातात घेऊन लोकांमधून वाट काढत गेली. तिने ग्रुपवर मारव्याखाली दुसरी खुपलेली गोष्ट म्हणून एवढंच लिहिलंय, ‘भैरवी हुकली.’ तबलजीने तिला ती लगेच पाठवली, तर तिने ऐकली नाही, म्हणे फोनवर नको, पुढच्या वर्षी तिथेच ऐकेन.

आता पहाटेच्या रागांचं काय करायचं यावर गेले दोन दिवस चर्चा चालू होती. दिवाळी पहाट असते पण तिथे बहुतेक भावगीतं आणि नाट्यगीतं, तीही मला आवडतात, पण मला पाहिजे आहे तो तासभर चाललेला तोडी. मग तबलजीनेच सुचवलं कुंदगोळ. सवाई गंधर्वांचं गाव, हुबळीपासून जवळच. तिथे नाडगीर वाड्यात त्यांच्या पुण्यतिथीच्या सुमाराला गाणं होतं, आणि रात्रभर गाण्याची परंपरा आहे. त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँसाहेब त्या वाड्यात उतरायचे, सवाई गंधर्वांचे शिष्य गंगूबाई हनगल आणि भीमसेनजी तिथे गायलेत. नुसतं वाचूनच अंगावर काटा आला माझ्या.

तर सप्टेंबरात कुंदगोळ. नागपूरकराने पुणे-हुबळी गाड्या बघायला घेतल्यात, डॉक्टरने त्या आठवड्याच्या ड्युट्या आत्तापासूनच बदलून मागितल्यात, आणि आजोबांचा फोन नंबर नागपूरकराकडे आहे, त्यांना प्रवास झेपेल का ते तो या रविवारी त्यांच्या घरी जाऊन विचारणार आहे. नक्की तारीख कळली की इथे टाकते, कोणाला बरोबर यायचं असेल तर आधी सांगा म्हणजे राहायची सोय बघता येईल.