‘येऊन गेला’

नाशिक, रविवार रात्र

लासलगावला कांद्याला भाव मिळाला नाही. एवढीच घटना घेऊ. हौशी कथेत ती अशी येते: ‘त्याच्या काळजात दुःखाचा महासागर उसळला, डोळ्यांपुढे अंधाराचं साम्राज्य पसरलं.’ यात कांदा कुठे आहे? हेच वाक्य नापास झालेल्या पोरालाही चालेल आणि विधुरालाही. आता हे बघा: ‘रामभाऊनं पट्टी वाचली. चार घड्या घालून खिशात ठेवली. पुन्हा काढून वाचली.’ पट्टी म्हणजे बाजारातली विक्रीची पावती. अकरा शब्द. विशेषण एकच, ‘चार’, आणि तेही मोजणीचं. दुःखाचं नावसुद्धा नाही, पण ‘पुन्हा’ आहे.

मराठीत हे साधतं ते क्रियापदांमुळे. ‘तो आला’ ही नुसती खबर. ‘तो येऊन गेला’ म्हटलं की भेट हुकली. ‘आई जेवली’ आणि ‘आईनं जेवून घेतलं’ यांत एका माणसाची वाट बघून संपण्याएवढं अंतर आहे. अव्ययांचंही तसंच. ‘पाणी दिलं’, ‘पाणीही दिलं’, ‘पाणीच दिलं’. तिसऱ्यात त्या घराची ऐपत तरी कळते, नाहीतर दानत. विशेषणांची रांग लावणाऱ्याला हा ‘च’ दिसतच नाही, याचं वाईट वाटतं.

दुरुस्तीची रीत अशी. कच्चा खर्डा आठवडाभर बंद ठेवायचा. मग मोठ्यानं वाचायचा, पेन्सिल हातात. ‘जणू’, ‘अक्षरशः’, ‘एक प्रकारची’ यांखाली रेघ. एका नामाला दोन विशेषणं असतील तर एक जाणार. ‘उद्गारला’, ‘पुटपुटला’, ‘गरजला’ यांच्या जागी ‘म्हणाला’. आणि दोघंच बोलत असतील तर बरेचदा तेही नको. पहिल्या परिच्छेदावर तळहात ठेवून दुसऱ्यापासून वाचून बघावं. पहिल्यात बहुधा हवामान असतं. शेवटच्या कृतीनंतरचा परिच्छेदही तपासावा. तिथं लेखक समजावत बसलेला असतो.

इथंच बिघडतंही. सगळी वाक्यं तीन-तीन शब्दांची झाली की कथा टेलिग्रामच्या तारेसारखी वाटते, वाचताना उचकी लागते. दोन-तीन आखूड वाक्यांनंतर ‘उठून, चूल पेटवून, पोराला हलवून’ असं लांब जाणारं एक वाक्य हवंच. श्वास तिथं मिळतो. दुसरा घोटाळा बोलीचा. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये (१९४९) बोली माणसांच्या तोंडी आहे, निवेदन मात्र सरळ प्रमाण मराठीत चालतं. हल्ली पुष्कळदा उलटं होतं: निवेदनात बोलीची झालर, आणि पात्रं बोलतात वर्तमानपत्रासारखी.

पण ही पेन्सिल सगळीकडे चालवायची नाही. आपल्याच नाशिकच्या विहितगावचे कथाकार बाबुराव बागूल घ्या. ‘जेव्हा मी जात चोरली होती’मधली (१९६३) भाषा तापलेली आहे, अंगावर येते. ती निववून साधी केली तर कथाच मरेल. तिथला भडका दागिना म्हणून घातलेला नाही.

आणि रामभाऊच्या तीन वाक्यांतलं शेवटचंही उत्साहात खोडून पाहिलं. उरला तो एक कागद नीट जपून ठेवणारा माणूस. ते परत लिहिलं.