हॅमिल्टनच्या हँगरमध्ये बाबांचा प्रश्न

नायगराबद्दल लिहीत नाही. जानेवारीत आई-वडिलांना घेऊन तिथे जाऊ नये, एवढंच सांगतो. आई गाडीतून उतरायलाच तयार नव्हती. शेवटी ब्रॅम्प्टनला घरी परतताना बाबांसाठी हॅमिल्टनच्या कॅनेडियन वॉरप्लेन हेरिटेज म्युझियमकडे गाडी वळवली. बाबांची उभी नोकरी ओझरच्या एचएएलमध्ये, मिगच्या हायड्रॉलिक्सवर, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेवर गेली. विमान दिसलं की ते आधी वाकून त्याचं पोट बघतात.

इथलं लँकेस्टर हे दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं बॉम्बर. सात हजारांवर बनली, आज उडण्याजोगी दोनच: एक इंग्लंडमध्ये, एक हे. १९४५ साली हे बनलं माल्टनला, म्हणजे टोरांटोच्या पिअर्सन विमानतळाला लागून, जिथून आम्ही दर आठवड्याला कढीपत्ता आणतो! उन्हाळ्यात पैसे भरून यातून चक्कर मारता येते. काही हजार डॉलर लागतात, आणि भोवतालची गर्दी त्या आकड्यावरच बोलत होती. विमान ज्याच्या स्मृतीला वाहिलंय, त्या अँड्र्यू मायनार्स्कीबद्दल कुणी काही विचारेना.

विनीपेगच्या पोलिश घरातला हा मुलगा, वय २७, विमानाच्या पाठीवरचा गनर. १२ जून १९४४च्या रात्री त्यांचं लँकेस्टर फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर निघालं. मध्यरात्रीनंतर जर्मन फायटरने गाठलं. डावीकडची दोन्ही इंजिनं गेली, आत आग लागली, कॅप्टनने उड्या मारायला सांगितलं. मायनार्स्कीने मागे पाहिलं तर शेपटातला गनर पॅट ब्रॉफी त्याच्या टरेटमध्ये, म्हणजे मशीनगनच्या फिरत्या खोलीत, अडकलेला.

माहिती सांगणारे आजोबा स्वयंसेवक होते, पंच्याहत्तरीचे तरी असतील. ते पुढे सरकणार तोच बाबा मला म्हणाले, "अडकला का, ते विचार त्यांना. टरेट फिरवतं कोण?"

मी विचारलं. आजोबांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. मागच्या टरेटचं हायड्रॉलिक डावीकडच्या बाहेरच्या इंजिनावर चालायचं. ते इंजिन बंद, म्हणजे टरेट आहे तिथेच थिजलं. ते सरळ केल्याशिवाय त्याचं दार विमानाच्या आत उघडत नाही, आणि पॅराशूट त्या दाराच्या अलीकडे टांगलेलं. हाताने फिरवायचं हँडल होतं, ते ब्रॉफीच्या हातात तुटून आलं.

"आणि उडी मारायचं दार?" बाबा.

आजोबांनी उजव्या बाजूला, शेपटाच्या अलीकडे बोट दाखवलं. बाबा तिथे जाऊन उभे राहिले, मग बाहेरूनच शेपटापर्यंत पावलं टाकत गेले. "म्हणजे तो दाराशी पोचला होता," ते म्हणाले. "बाहेर पडायचं सोडून उलटा आगीत गेला."

एरवी ही गोष्ट सांगणारे शेवटच्या सॅल्यूटवर आवाज ओला करतात. मायनार्स्कीने कुऱ्हाडीने, मग नुसत्या हातांनी टरेट उघडायचा प्रयत्न केला, ब्रॉफीने त्याला जायला खुणावलं, कपडे पेटलेले असताना त्याने उभं राहून सॅल्यूट केला आणि उडी मारली. हे कळलं ते ब्रॉफी जगला म्हणून: विमान आदळलं तेव्हा तो बाहेर फेकला गेला. सातातले सहा वाचले. मायनार्स्की जमिनीवर जिवंत पोचला, पण पॅराशूट जळालेलं आणि अंग भाजलेलं. त्यातच तो गेला. १९४६ साली व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. मला सॅल्यूटपेक्षा बाबांची ती पावलं जास्त लागली.

बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विभागाचे, ५५ हजारांवर लोक मेले, त्यातले जवळपास १० हजार कॅनडाचे. त्यांच्या बॉम्बखाली मेलेली माणसं वेगळीच. त्यांच्याबद्दल आजोबा आपणहून बोलले, हे मला आवडलं.

पुढचा वेळ मी दुभाषा होतो. दोन म्हातारे पंखाखाली पाइप, पंप आणि गळकी सीलं यांवर रंगले होते, आई कॅफेत चिडून बसली होती, आणि त्या कॅफेतल्या कॉफीबद्दल न बोललेलंच बरं.

परतताना बाबांना माल्टनचा कारखाना बघायचा होता. तो केव्हाच पाडलाय, हे सांगितल्यावर ते खिडकीबाहेर बघत थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "हँडल तुटायला नको होतं रे. असल्या जागी एक जास्तीचं ठेवायला काय जातं?"