राजवाड्यानंतर सराफा: सिक्वेन्सचं वर्गीकरण आणि रूल

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोनंचांदी विकली जाते आणि रात्री भुट्ट्याचा कीस. त्यामुळे नुसतं 'सराफा' या नोंदीवरून माणूस दागिने घ्यायला आला की खायला, हे कळत नाही. त्याआधी तो कुठे होता आणि मध्ये किती थांबे झाले, हे पाहावंच लागतं. सिक्वेन्स डेटाची, म्हणजे अशा क्रमाने लिहिलेल्या नोंदींची, सगळी गंमत या क्रमात आहे. वर्गीकरण म्हणजे प्रत्येक सिक्वेन्स कोणत्या वर्गातला (दागिन्यांचा की खाण्याचा) हे ओळखणं. त्यासाठी वारंवार दिसणारे क्रम, म्हणजे पॅटर्न, काढायचे आणि 'हा पॅटर्न दिसला तर हा वर्ग' असे रूल बनवायचे.

पॅटर्न काढायला प्रीफिक्सस्पॅन (2001) हा अल्गोरिदम उत्तम, पण मूळ रूपात तो अंतराकडे पाहत नाही. राजवाड्यानंतर पंधराव्या थांब्यावर सराफा आला, तरी त्याच्या लेखी 'राजवाडा, मग सराफा' सापडलाच! लांब सिक्वेन्समध्ये असे योगायोग ढिगाने निघतात. म्हणून सपोर्टच्या (किती सिक्वेन्समध्ये पॅटर्न आहे, त्या प्रमाणाच्या) जोडीला पॅटर्नचा घट्टपणा मोजा: पॅटर्नची लांबी भागिले त्याला सामावणाऱ्या खिडकीची सरासरी लांबी. समजा, एका वर्गातल्या 5 पैकी 3 सिक्वेन्समध्ये ही जोडी आहे आणि तिला सामावणारी सर्वांत छोटी खिडकी अनुक्रमे 2, 2 आणि 5 थांब्यांची आहे. सरासरी 3. पॅटर्नची लांबी 2, म्हणजे घट्टपणा 2/3. सपोर्ट 3/5. गुणाकार 0.4. तिसरी खिडकीही 2 ची असती, तर हाच आकडा 0.6 झाला असता.

सपोर्टची किमान मर्यादा प्रत्येक वर्गाला वेगळी लावा. एका वर्गात 900 आणि दुसऱ्यात 100 सिक्वेन्स असताना एकूण डेटावर 10 टक्के लावले, तर फक्त छोट्या वर्गात दिसणारा पॅटर्न त्यातल्या शंभरच्या शंभर सिक्वेन्समध्ये असला तरच टिकतो. छोटा वर्ग मग ओळखलाच जात नाही.

रूलची क्रमवारी कच्च्या कॉन्फिडन्सवर (रूल जितक्या सिक्वेन्सना लागला, त्यातल्या किती टक्क्यांत बरोबर ठरला, यावर) लावू नका. 2 पैकी 2 बरोबर म्हणजे 100 टक्के, 50 पैकी 45 म्हणजे 90. पण भरवसा दुसऱ्यावरच ठेवावा. लाप्लासची दुरुस्ती करा: अंशात 1 मिळवा, छेदात वर्गांची संख्या. दोन वर्ग असतील तर पहिला 3/4, म्हणजे 0.75 वर येतो. दुसरा 46/52, साधारण 0.88.

सर्वांत जास्त घात होतो तो चाचणीत. आधी सगळ्या डेटातून पॅटर्न काढायचे आणि मग डेटाचे ट्रेन (शिकण्यासाठी) आणि टेस्ट (तपासण्यासाठी) असे भाग पाडायचे, हे चूक आहे. टेस्टची उत्तरं रूलमध्ये आधीच शिरलेली असतात. क्रॉस-व्हॅलिडेशनच्या (दर फेरीत डेटाचा वेगळा भाग टेस्टला ठेवायच्या पद्धतीच्या) प्रत्येक फेरीत फक्त ट्रेनच्या भागातून पॅटर्न नव्याने काढा. वेळ लागतो, लागू द्या. आणि अचूकतेबरोबर एक आकडा जरूर लिहा: किती सिक्वेन्सना एकही रूल लागला नाही आणि ते डीफॉल्ट वर्गात, म्हणजे रूल न लागल्यास द्यायच्या आधीच ठरलेल्या वर्गात, गेले.