बेडफर्डची चासी कापली त्याची गोष्ट

मला टिपर हवा होता, म्हणजे हौदा उचलून माल ओतणारी लॉरी, आणि हातात होतं ते बेडफर्ड ओ सिरीज या जुन्या ब्रिटिश लॉरीचं लांब चासीचं प्लास्टिक मॉडेल किट, १/२४ स्केलचं, मागे लांबलचक हौदा आणि तिन्ही बाजूंना फाळके. गाडी मला मनापासून आवडते, ते गोल नाकाचं बॉनेट, उभ्या पट्ट्यांची जाळी, बाहेर आलेले मडगार्ड, पण या लॉरीचं रूप खरं खुलतं ते आखूड चासीवर, मागचं चाक केबिनच्या जवळ आलेलं आणि त्यावर बुटका हौदा. तर ठरवलं की कापायचं.

आधी थोडं मूळ गाडीबद्दल, कारण मोजमापं सगळी तिथूनच आली. १९३९ साली ओ सिरीज आली आणि लगेच महायुद्ध सुरू झालं, कारखाना लष्करी कामाला जुंपला गेला (बेडफर्ड हे व्हॉक्सहॉल कंपनीच्या लॉऱ्यांचं नाव, आणि इंग्लंडमधल्या ल्युटनला याच कंपनीने चर्चिल रणगाडेसुद्धा बनवले), त्यामुळे साध्या धंद्याच्या लॉऱ्या ब्रिटनच्या रस्त्यांवर भरपूर दिसायला लागल्या त्या युद्ध संपल्यावर, आणि १९५३ पर्यंत त्या बनत होत्या. इंजिन सहा सिलिंडरचं पेट्रोल, साडेतीन लिटरचं. याच गाडीवरून लष्करासाठी ओएक्स आणि ओवाय काढल्या, त्यांचं बॉनेट उतरतं आणि सपाट, पण खालचा सांगाडा त्याच घराण्यातला. ओएक्सचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, १११ इंच, ओवायचा १५७ इंच. म्हणजे लांब आणि आखूड यातला फरक ४६ इंच. १/२४ मध्ये ४६ इंच म्हणजे ४८.७ मिलीमीटर. हा आकडा मी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवला.

१/२४ ची एक मजा आहे, खरा एक इंच म्हणजे मॉडेलवर जवळजवळ एक मिलीमीटर (बरोबर सांगायचं तर १.०६). इंचाची जाड फळी असेल तर एक मिलीमीटरची स्टायरीनची (मॉडेलच्या प्लास्टिकची) पट्टी घ्यायची, सहा इंच रुंद फळी असेल तर सहा-सव्वासहा मिलीमीटर. डोक्यातल्या डोक्यात हिशोब होतो आणि कामात खंड पडत नाही.

पण हौद्याची मापं कुठेच मिळेनात. मग बाजूने काढलेले जुने फोटो घेतले आणि व्हीलबेसचीच पट्टी केली. दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर १११ इंच आहे हे माहीत आहे, मग फोटोत ते मोजायचं आणि त्या प्रमाणात हौद्याची लांबी, फाळक्याची उंची, चाकामागे किती भाग बाहेर येतो ते सगळं काढायचं. फोटो निवडताना चाकं बघायची, चाक गोल दिसलं तर फोटो बरोबर बाजूने, सरळ काढलाय, लंबगोल दिसलं तर तो सोडून द्यायचा. मी पाच फोटोंवरून मापं काढली आणि दोन बाद केले, उरलेल्या तिघांची मापं एकमेकांच्या बऱ्यापैकी जवळ आली तेव्हा जीव भांड्यात पडला.

आता कापणं. कापायची जागा केबिनच्या मागे आणि मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) पुढच्या हँगरच्या, म्हणजे त्या जिथे चासीला टांगतात त्या जागेच्या, अलीकडे, जिथे दोन्ही पट्ट्या सरळ आणि समांतर आहेत तिथे. बारीक दातांच्या करवतीने डावी बाजू कापली, उजवी कापली, मधला ४८.७ चा तुकडा काढला, दोन्ही अर्धे जोडले, सॉल्व्हंट ग्लू लावला, रबर बँड गुंडाळून रात्रभर ठेवलं. सकाळी एक्सल बसवून काचेवर ठेवलं तर तीन चाकं टेकलेली आणि मागचं डावं चाक चांगलं मिलीमीटरभर हवेत. फार वाईट वाटलं. डावा काप किंचित तिरका गेला होता, डोळ्याला दिसणार नाही इतका, आणि रबर बँडच्या ताणाने अख्खी चासी पिळली गेली होती. गरम पाण्यात धरून सरळ करायचा प्रयत्न केला, तात्पुरती सरळ झाली आणि थोड्या वेळाने परत तशीच.

शेवटी जोड पुन्हा तोडला. या वेळी घाई केली नाही. काचेवर चासी उलटी ठेवली, कारण तिची वरची बाजू सपाट आहे, तीच काचेला चिकटून बसली की पिळायला वाव राहत नाही. दोन्ही बाजूंना स्टीलच्या पट्ट्या लावून मधे चासी अडकवली, गुण्या लावून काटकोन बघितला, कापलेल्या कडा पॉलिश पेपरने लाकडी ठोकळ्यावर घासून सरळ केल्या. दुसऱ्यांदा तोडण्यात आणि घासण्यात जे मटेरियल गेलं ते अर्ध्या मिलीमीटरच्या स्टायरीनच्या चकत्या घालून भरून काढलं, नाहीतर व्हीलबेस कमी पडला असता. आणि मुख्य म्हणजे चासीची पट्टी आतून खोबणीसारखी आहे, त्या खोबणीत दोन मिलीमीटर जाडीची तीसेक मिलीमीटर लांब पट्टी घातली, जोडाच्या दोन्हीकडे पंधरा-पंधरा जाईल अशी. सगळा जोर त्या आतल्या पट्टीवर जातो, बाहेरचा जोड फक्त दिसायला. कोणी विचारलं तर मी हेच सांगेन की जोडाच्या आतल्या या पट्ट्या आधी तयार ठेवा आणि मगच करवत हातात घ्या. दोन दिवस काचेवरून हलवलंच नाही. मग चाकं लावली, चारही टेकली, खाली कागद सरकवून बघितला, कुठेच सरकेना. तो क्षण या सगळ्या कामातला माझा सगळ्यात आवडता.

जोड लगेच घासायचा नाही हेही यातच कळलं. सॉल्व्हंट प्लास्टिक वितळवतं आणि ते पुरतं सुकेपर्यंत आकसत राहतं, आज घासून गुळगुळीत केलं तर पुढच्या आठवड्यात प्रायमरखाली रेघ बसलेली दिसते. आठवडाभर थांबलो, मग पुटी, मग घासणं.

प्रॉपशाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा, आखूड करणं सोपं गेलं. किटमध्ये तो दोन तुकड्यांत होता, मधे बेअरिंग, आखूड गाडीवर मी एकच तुकडा ठेवला आणि मधलं बेअरिंग काढून टाकलं. गिअरबॉक्सच्या बाजूला छोटी पेटी करून पीटीओ (पॉवर टेक-ऑफ, गिअरबॉक्समधून पंपाला ताकद देणारा जोड) लावला, कारण हौदा उचलणारा हायड्रॉलिक पंप गिअरबॉक्सवरून चालतो, तो नसेल तर टिपर अर्धवट वाटतो.

हौदा उचलणाऱ्या जॅकसाठी पितळेच्या दोन नळ्या घेतल्या, चार मिलीमीटरची आणि तीन मिलीमीटरची, एकात एक छान सरकतात. पण हौदा वर उचलला की हळूहळू खाली बसायचा. आतल्या नळीला चिमट्याने अगदी हलका दाब देऊन किंचित चपटी केली, आता घर्षणाने जिथे सोडावा तिथे थांबतो. दोन्ही टोकांना पिन घालून फिरता जोड दिला, कारण हौदा उचलताना जॅकचा कोन बदलत जातो, टोकं पक्की केली तर काहीतरी तुटणारच.

हौद्याच्या फळ्यांसाठी खरं लाकूड घ्यायचा मोह झाला होता. एक तुकडा रंगवून बघितला आणि सोडून दिला, लाकडाचे रेषे या स्केलला फार मोठे दिसतात, सहा इंचाची फळी एखाद्या ओंडक्यासारखी वाटते. स्टायरीनच्या पट्टीवर करवतीचं पातं लांबीत ओढलं की हवे तेवढे बारीक रेषे येतात, वर फिकट मातकट रंग आणि त्यावर पातळ राखाडी-तपकिरी ऑइल. फाळक्यांचे बिजागरे बारीक तार आणि ट्यूबचे, मागचा फाळका वरून लटकणारा, खालची कडी काढली की माल सुटेल असा.

रंगाच्या बाबतीत, सगळे भाग भांड्याच्या साबणाने धुवून, ग्रे प्रायमर, मग केबिन गडद हिरवी आणि मडगार्ड काळे, एअरब्रश साधारण १५ ते २० पीएसआय हवेच्या दाबावर, तीन पातळ हात. हौद्याच्या लोखंडी पट्ट्यांना आधी गंजाचा रंग, वर हेअरस्प्रे, वर अॅक्रिलिक, आणि सुकल्यावर पाण्याने ओला करून ताठ ब्रशने खरवडला की वरचा रंग खऱ्यासारखा उडतो. झिजवताना मात्र विचार करावा, टिपर कुठे झिजतो तर तळाला आणि मागच्या काठाला, जिथून खडी घसरते तिथे. केबिनच्या छताला गंज कशाला? मालक-ड्रायव्हर गाडी पुसत असणार, मी दाराच्या खालची कड आणि पायरी तेवढी घासलेली दाखवली.

सगळं जोडून हौदा पूर्ण उचलला तर गाडीचं नाक वर यायला लागलं, व्हीलबेस आखूड आणि वजन सगळं मागच्या चाकांमागे. बॉनेट अजून चिकटवलं नव्हतं हे नशीब. रेडिएटरच्या मागे चार स्टीलचे नट इपॉक्सीने बसवले, पाचवा इंजिनखाली. आता हौदा उचललेलाच ठेवलाय, खालचा जॅक, पीटीओ, आखूड प्रॉपशाफ्ट सगळं दिसतं, आणि चासीतून काढलेल्या दोन तुकड्यांमधून हौद्याखालच्या सबफ्रेमच्या आडव्या पट्ट्या केल्यात, त्या पण तिथेच दिसतात.