तुम्ही विचारलंत म्हणून: "तो कायदा कधी होणार?"

दर गणपतीत व्हिडिओ कॉलवर आरती झाली की मामा विचारतात, "काय रे, अमेरिकेच्या ग्रीन कार्डाचं, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याचं, काय झालं? ती रांग कमी करणारा कायदा होणार होता ना?" मावशी त्याच्याही पुढे, "एवढं होत नाही तर परत या की, इथं काय कमी आहे?" मी "चालू आहे, बघू" म्हणतो आणि मोदक कसे झालेत ते विचारतो. यंदा म्हटलं एकदा लिहूनच टाकू, पुढच्या गणपतीला हेच पाठवता येईल.

रांग कशी आहे ते तुम्हाला पाठ झालंय. १९९०चा कायदा, नोकरीवाल्यांना वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यातच बायकापोरं मोजायची, आणि कुठल्याही देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, मग तो भारत असो नाहीतर आइसलँड, म्हणून आम्हा भारतीयांची रांग संपत नाही. ते परत नाही सांगत बसत. तुम्ही विचारता ते वेगळं, की सगळ्यांनाच हे चुकीचं वाटतं तर बदलत का नाही.

तर सगळ्यांनाच वाटतं म्हणूनच बदलत नाही. डेमोक्रॅट म्हणतात, हे सोपं काम एकटं पास करून दिलं तर कागद नसलेल्या एक कोटीहून जास्त लोकांसाठी उद्या मत कोण देणार, त्यामुळे तुम्ही त्यांच्याबरोबरच या. रिपब्लिकन म्हणतात आधी बॉर्डर, कारण १९८६ला रेगननी साधारण २७ लाख लोकांना कायदेशीर केलं आणि बदल्यात जो बंदोबस्त होणार होता तो झालाच नाही, परत फसणार नाही. दोघांनाही मोठ्या गाडीला जोडायला एक बरा दिसणारा डबा पाहिजे, तो आम्ही. आणि सिनेटात, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, १०० पैकी ६० मतं लागतात, जी सहसा कुठल्याच एका पक्षाकडे नसतात. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच, फक्त यात आम्ही गुंडाळलेले आहोत.

आता माझी चूक सांगतो, कारण ती मी आजवर कोणालाच नीट सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही, तिने अंदाजाने ओळखलीय.

मी २०१०मध्ये आलो, पोरगी सात वर्षांची. २७ जून २०१३ला सिनेटात मोठं बिल पास झालं, ६८ विरुद्ध ३२. चौदा रिपब्लिकनांनी पण मत दिलं, सगळे सिनेटर आपापल्या जागेवर बसून एकेक करून मत देत होते, मी ऑफिसात लंच सोडून बघत होतो. त्यात देशाची मर्यादा जाणार होती, बायकापोरं मोजणार नव्हते. कंपनी त्याच सुमारास म्हणत होती की तुझं ग्रीन कार्ड सुरू करू का, पण त्या कॅटेगरीसाठी जॉबचं वर्णन बदलायला लागेल, तू एक वर्ष ह्याच पोझिशनवर थांब. मी म्हटलं कशाला, कायदा बदलतोय, नवीन नियमात भरू, प्रमोशन घेतो. अगदी शहाण्यासारखा म्हणालो. एका मित्राला पण तेच पटवलं, त्याने ऐकलं नाही, कॅनडाला गेला, आज तिकडचा नागरिक आहे. इकडे हाउसच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या, स्पीकर बेनर साहेबांनी ते बिल मतदानाला आणलंच नाही. २०१४च्या जूनमध्ये त्यांचे नंबर दोन एरिक कँटर आपल्याच पक्षाची प्रायमरी (उमेदवार ठरवायची निवडणूक) हरले, त्यांनी इमिग्रेशनबाबत थोडं नरम घेतल्याचा तिथे मोठा गवगवा झाला होता, आणि मग त्या विषयाला हात लावायला कोणी तयार होईना. माझा अर्ज शेवटी गेला मार्च २०१५ला.

ऑक्टोबर २०२०मध्ये रांगेच्या तारखा, म्हणजे कधीपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते, अचानक पुढे सरकल्या, ईबी-थ्री कॅटेगरीत जानेवारी २०१५च्या आधीच्या भारतीयांना ग्रीन कार्डाचा पुढचा अर्ज भरता आला. माझी तारीख मार्च. दोन महिने! त्यांची पोरं आज कुठे आहेत आणि माझी कुठे, ह्याचा हिशोब मी रात्री करतो. नंतर तारीख पुढे जायची सोडून मागे आली, ईबी-टू कॅटेगरीची तर २०२२च्या डिसेंबरला थेट २०११वर.

मधल्या काळातलं २०१९चं, देशाची मर्यादा काढायचं बिल तुम्हाला आठवत असेल, हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५, मी पेढे वाटायचे बाकी होते. सिनेटात एकेक जण उठून हरकत घेत राहिला, त्यात आमच्याच इलिनॉयचे डिक डर्बिन. त्यांचं म्हणणं, एकूण संख्या न वाढवता मर्यादा काढली तर भारतीयांची रांग बाकीच्या देशांच्या डोक्यावर जाईल. मी रोज त्यांच्या ऑफिसला फोन करायचो, मनात शिव्या. आज वाटतं माणूस हिशोबात चुकत नव्हता. पण तेव्हा मला हिशोब नको होता, कार्ड पाहिजे होतं. डिसेंबर २०२०ला सिनेटने पण पास केलं, एकमताने, पण हाउसचा मजकूर वेगळा, सिनेटचा वेगळा, एक करायला महिना उरलेला, ३ जानेवारीला संसदेची मुदत संपली आणि दोन्ही रद्दीत.

आता २०२४. ४ फेब्रुवारीच्या रविवारी लँकफर्ड, मर्फी आणि सिनेमा (हे आडनाव आहे) या सिनेटरांचं बॉर्डरवालं बिल बाहेर आलं, ३७० पानं. बाकी सगळं बॉर्डर, पण आत कुठेतरी आमच्यासारख्यांच्या पोरांचं वय गोठवायची तरतूद होती. म्हणजे पोर एकवीसचं झालं तरी आईबापाच्या रांगेतून बाहेर फेकलं जाणार नाही. आमची एप्रिलमध्ये एकवीसची होणार होती. ट्रम्प आधीपासूनच नको म्हणत होते, बुधवारी मतदान, ४९ विरुद्ध ५०, साठ पाहिजे होती. चार दिवसांत उजाडलं आणि मावळलं.

मग वकीलबाईंनी सांगितलं, वाढदिवसाच्या आधी तिला एच-फोरवरून (माझ्या एच-वन, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर कुटुंबाला मिळतो तो) एफ-वनवर टाका. म्हणजे ती आता परदेशी विद्यार्थिनी. जिने दुसरीपासून इथल्याच शाळेत काढलं ती. आणि एफ-वनची अट अशी की शिकून परत जायचा इरादा पाहिजे, तसं पत्र आणि भारताशी संबंध असल्याचा पुरावा. मी कराडला भावाला फोन केला, त्याने आमच्या शेताच्या सातबाऱ्याचा फोटो पाठवला, कोपऱ्यात त्याचा अंगठा. घरपट्टीची पावती पण पाठवली.

मार्चची सुट्टी होती, ती घरी आलेली, किचनच्या टेबलावर बसलो. रविवारच्या मराठी शाळेत शिकलेलं होतं, त्यामुळे ती सातबारा अक्षर लावत वाचायला लागली. पो-ट-ख-रा-बा. हसायला लागली, "बाबा, कोणाचं पोट खराब झालं?" मी सांगितलं, नावावर असते पण पिकाला उपयोगाची नसते अशी जमीन. "मग लिहितात कशाला?" म्हटलं, हिशोबात धरतात गं. 

मग पत्र वाचलं. शिक्षण पूर्ण झाल्यावर मी माझ्या देशात परत जाईन, माझा कायमचा पत्ता कराड. तिथे ती चार उन्हाळे राहिलीय, सगळे मिळून अडीच-तीन महिने, त्यातले पंधरा दिवस तापाने आडवी.

"हे खोटं आहे ना?"

मी म्हटलं, खोटं नाही, इरादा आहे, इरादा बदलू शकतो. वकिलासारखं बोललो. ती म्हणाली, "तू कधी असं लिहून दिलंयस?" नाही दिलं. एच-वनवाल्याला द्यावं लागत नाही, त्याने एका हाताने व्हिसा आणि दुसऱ्या हाताने ग्रीन कार्ड मागितलं तरी चालतं. म्हणजे इथे राहायचं ठरवलं मी, आणि राहायचं नाही असं लिहून द्यायचं तिने. मी आवाज चढवला, "सही कर, बाकीची पोरं पण करतात." तिने केली. पेनाचं टोपण लावून नीट बाजूला ठेवलं. त्या दिवशी जेवली नाही असं लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं, पण ती जेवली, पिठलं मागून घेतलं, आणि मैत्रिणीकडे गेली.

ती मैत्रीण मेक्सिकन, कागद नसलेली, लहानपणी इथे आणलेल्या पोरांसाठी निघालेल्या २०१२च्या ओबामांच्या आदेशामुळे तिच्याकडे वर्क परमिट आहे. आमच्या पोरीला एच-फोरवर उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करता येत नव्हतं. ह्यावरून मी घरात काय काय बोललोय ते इथे लिहिणार नाही. रांगेत उभे राहणारे आम्ही आणि रांग मोडणारे ते, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. पोरगी म्हणते, "तिचंही परमिट दर दोन वर्षांनी लटकतं बाबा, तुम्हाला दोघांनाही एकमेकांवर सोडलंय." पटतं. आणि दुसऱ्या दिवशी परत राग येतो, तो काही जात नाही.

मे महिन्यात तेच बिल परत आणलं, ४३ विरुद्ध ५०. ह्यावेळी ज्यांनी ते लिहिलं त्या लँकफर्ड आणि सिनेमांनीही विरोधात मत दिलं. तिचा वाढदिवस होऊन महिना झाला होता.

आणि मावशी, परत का येत नाही त्याचं उत्तर. आधी पोरीची शाळा, मग घराचं कर्ज, मग "आता एवढं थांबलोय तर". हे तिसरं कारण सगळ्यात वाईट, ते मला कळतं. पगार चांगला आहे हेही लिहितो, नाहीतर म्हणाल नुसतं रडतोय. आणि आता परत यायचं म्हटलं तर ती इथे एकटी, तिच्या व्हिसावर, आणि परत जाणार असं लिहून देणारी ती एकटीच न गेलेली.

२०२५च्या जुलैमध्ये नवीन बिल आलं, फ्लोरिडाच्या रिपब्लिकन सालाझार आणि टेक्ससच्या डेमोक्रॅट एस्कोबार, दोघींचं मिळून. कॅनडावाल्या मित्रानेच पाठवलं, खाली हसण्याचा इमोजी. देशाची मर्यादा ७ वरून १५ टक्के वगैरे. मी पीडीएफ उघडली आणि पोरांचं वय कुठे लिहिलंय ते शोधायला लागलो. ती मागून जात होती, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "बाबा, मी बावीसची आहे."

म्हटलं, माहितीये. आणि पुढचं पान उघडलं.