आमची वाटचाल : वाटी गेली, काटा आला

२००९ साली कराडात घरच्या ओट्यावर आम्ही दोघींनी नानकटाई सुरू केली. मी आणि शेजारची वहिनी. पत्र्याचा ओव्हन माझा, हात तिचा. तिच्या माहेरची एक स्टीलची वाटी आणि पितळी फुलपात्र हीच आमची मापं. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं : मैदा ६ वाट्या, पिठीसाखर ४ वाट्या, तूप २ फुलपात्रं, सोडा चिमूटभर.

२०११च्या गणपतीनंतर हिशेबावरून बिनसलं. कोण बरोबर होतं ते इथे उगाळत नाही (मी होते). ती आपली भांडी घेऊन गेली आणि चार दुकानं सोडून तिने स्वतःची पाटी लावली. वही माझ्याकडे राहिली म्हणून मी मनातून खूश. वाटीशिवाय ती वही रद्दी आहे, हे कळायला एक घाणा पुरला. घरातल्या वाटीने मैदा घेतला, पेल्याने तूप, आणि ट्रेमध्ये सगळ्या नानकटाया पसरून एकीला एक चिकटल्या. निव्वळ थालीपीठ! सगळं एकाच भांड्याने मोजायची कृती असती तर निदान प्रमाण तरी टिकलं असतं. आमची दोन भांड्यांची, आणि दोन्ही तिच्या फडताळात.

दिवाळी पाच आठवड्यांवर. एका पतसंस्थेची ४० किलोची ऑर्डर घेतलेली, उचलही खर्च झालेली. तीन दिवस मी ओव्हन पेटवला नाही. चौथ्या दिवशी यांनी किराण्याची बिलं काढली. जुलैत आणलेला सगळा माल महिनाअखेर संपला होता आणि केलीही होती फक्त नानकटाई : मैद्याची ५० किलोची दोन पोती, साखर ५५ किलो, वनस्पतीचे १५ किलोचे चार डबे. म्हणजे किलोभर मैद्याला साखर ५५० ग्रॅम, तूप ६००. साखर दळली की वाटीत फुगते, काट्यावर तेवढीच राहते.

सोड्याचं मात्र बिलावरून कळेना. तिथे आमचे गुरुजी धावले. पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक, दर शनिवारी पाव किलो. सोनाराकडून मी ६, ५ आणि ४ ग्रॅमच्या पुड्या तोलून आणल्या, किलोला एक. गुरुजी तुकडा जिभेवर धरायचे आणि म्हणायचे, "वहिनी, सोडा बोलतोय." ४ ग्रॅमला गप्प बसले आणि दुसरी उचलली. तिच्या दुकानाची पायरी ते आजवर चढलेले नाहीत, याची नोंद असावी.

ऑर्डर गेली. त्याच पैशातून १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घेतला, त्यावर दरवर्षी वजनमापेवाल्यांचा शिक्का असतो. पुढची वर्षं ओव्हन चालू होता, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता घरी केक करणाऱ्या मुली विचारत नाहीत तरी सांगते. २४० मिलीचा कप मैद्यात खुपसून भरलात तर १५० ग्रॅम येतो, चमच्याने हलका भरलात तर १२० ते १२५. चाळणीआधी मोजलात की नंतर, त्यानेही फरक पडतो. त्याच कपात साधी साखर २०० ग्रॅम आणि पिठीसाखर जेमतेम १२०. अमेरिकन कृतीतला कप २४० चा, ऑस्ट्रेलियन २५० चा. तिथला मोठा चमचासुद्धा २० मिलीचा, आपल्या सेटमधला १५ चा. आणि काट्यावर भांडं ठेवून आधी शून्य करा गं, भांड्यासकट मैदा तोलू नका!

गेल्या दिवाळीत तिच्या दुकानावरून जाताना ते फुलपात्र दिसलं. गल्ल्याशेजारी, सुट्टे पैसे ठेवलेत त्यात. मी उभ्या उभ्या अंदाज घेतला. २०० ग्रॅमच्या आतबाहेर तूप मावत असणार.